वहिवाट

लेक आठवीत असतानाची गोष्ट. एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा तोंडावर आली होती आणि संकल्पचित्राच्या सरावापायी तिला मधल्या रेघेचा नाद लागला होता. काहीही काढायचं झालं की आधी कागदावर पट्टीने उभी रेघ, मग एका बाजूची अर्धी वेल, मग ट्रेसिंग पेपर उलटा टाकून दुसरी बाजू. वेली आणि फुलं संपल्यावर तिने घरातली माणसं काढायला घेतली. बाबांचं चित्र चटकन झालं, मिशीमुळे सोपं गेलं म्हणाली. माझं मात्र रविवारची आख्खी दुपार चाललं. मी खाली बसून शेंगा फोडत होते, ती 'हस' म्हणाली की हसत होते, आणि ती तोंडाचा भाग पुन्हा पुन्हा खोडत होती. तिथे कागद इतका विरला की पलीकडचं टेबल दिसायला लागलं. शेवटी पेन्सिल आपटून म्हणाली, "आई, तुझे दात रेघेवर काढले की तू वाटतच नाहीस. आणि आहेत तिथे काढले की माझंच चित्र चुकल्यासारखं दिसतं."

मी 'हं' केलं आणि पुढची शेंग घेतली.

रात्री भांडी आवरून झाल्यावर बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिले. आरसा रोजच बघतो आपण, पण भांग, टिकली आणि साडीची पिन एवढ्यापुरता. त्या रात्री पहिल्यांदा ओठ फाकवून नीट पाहिलं. वरच्या दोन मोठ्या दातांमधली फट नाकाच्या शेंड्याखाली यायला हवी, ती नाकाखालच्या पन्हळीच्या डाव्या काठाखाली होती. डावा सुळा हिरडीत वर चढून बसलेला, हे मला माहीत होतं. लहानपणी मावसभाऊ त्यावरून 'ड्रॅक्युला' म्हणायचा. पण मधली रेघ सरकली आहे हे एक्केचाळीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि याचीच मला लाज वाटली. कारण मी भूकरमापक आहे. रेघ कुठे असायला हवी आणि कुठे आहे, हे लोकांना सांगण्याचा पगार घेते. दुसऱ्याच्या रानात बांध दीड फूट आत आला असेल तर गाडीतून उतरतानाच मला वास येतो, आणि स्वतःच्या तोंडातलं अतिक्रमण मात्र जन्मभर बिनतक्रार वापरत आले.

पुढचे दोन-तीन आठवडे मी माणसांचे दातच बघत होते. एसटीत, तहसीलच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत. चेहरा सरळ असा कुणाचाच नसतो, नाकं वाकडी असतात, एक भुवई वर असते, आणि दात तर काय, ज्याच्या त्याच्या मर्जीने उभे. एका सासूबाईंची रेघ माझ्याहून जास्त सरकलेली होती आणि त्या हसत होत्या खळखळून. एवढं बघूनही माझं समाधान होईना. दाखवायला म्हणून साताऱ्यात दातांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान मुलगी. तिने खुर्ची सरळ केली, दात साफ करायचा मेणाचा दोरा हातभर ओढून घेतला, एक टोक माझ्या दोन भुवयांच्या मध्ये धरलं, दुसरं हनुवटीखाली सोडलं आणि एक डोळा बारीक करून बघायला लागली. मला हसूच आलं. ओळंबा! आमच्या जुन्या मोजणीत नकाशा काढायच्या फळ्याखाली ओळंबा सोडून अशीच मान वाकडी करून बघायचे. नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेले एक मोजणीदार होते, त्यांच्या कपाटात तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा भागांची, मोजणीची साखळी अजून होती. ते म्हणायचे, "साखळी खोटं बोलत नाही, ओढणारा हात बोलतो." आता माझ्याकडे रोव्हर आहे, उपग्रहाशी बोलतो आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जागा सांगतो. आणि इथे दवाखान्यात माझी मोजणी दोऱ्याने चालली होती.

"वरची साडेतीन मिलिमीटर डावीकडे," ती म्हणाली. "खालची एक मिलिमीटर उजवीकडे. मॅडम, लहानपणी डाव्या बाजूचा दुधाचा सुळा लवकर काढला होता का?"

म्हसवडची जत्रा. विचारल्याबरोबर तोंडात लवंगेच्या तेलाची चव आली. माझं आजोळ त्या बाजूचं, सिद्धनाथाच्या रथाला आम्ही सगळी मावसभावंडं जमायचो. १९९० साल असेल, मी सात वर्षांची. गुलालाने रस्ता, माणसं, बैलांची शिंगं सगळं एका रंगाचं झालेलं, आणि माझा गाल सुजून टम्म. सुळा किडला होता, रेवड्या खाऊन खाऊन. आजीने मला गर्दीतून ओढत नेलं ते पोतं अंथरून बसलेल्या एका माणसापुढे. त्याच्यासमोर लाल फडक्यावर काढलेल्या दातांची रास मांडलेली होती, नीट ओळीने, जशी आमच्याकडे बी-बियाणाची निवड मांडतात तशी. शेजारी छोटी बाटली आणि पक्कड. मी पळून जायच्या आत त्याने बोटाने तेल चोळलं, काहीतरी कडकन वाजलं, आणि मी जे थुंकले ते गुलालाच्या चिखलात दिसलंसुद्धा नाही. "दुधाचाच हाय," आजी म्हणाली, "येतोय की माघारी." दात तिने पदराच्या टोकाला बांधून घरी आणला, शेणाच्या गोळ्यात घातला आणि माझ्या हातून माळवदावर फेकायला लावला. मग ताकीद दिली, तिथं जीभ लावायची न्हाई, लावली की दात वाकडा येतो. मी अर्थातच लावली. दिवसरात्र लावली, त्या मऊ खड्ड्यात जीभ घालून झोपायचे. पुढे सुळा वर चढून आला तेव्हा ही आपल्याच जिभेची करणी आहे अशी माझी खात्री झाली आणि ती कुणाला सांगायची नाही असंही मी ठरवून टाकलं. चौतीस वर्षं सांगितलं नव्हतं. त्या मुलीला सांगितलं.

तिने हसून जिभेची निर्दोष मुक्तता केली. दुधाचा सुळा खरं तर दहा-अकरा वर्षांपर्यंत राहतो, म्हणाली. तो जागा धरून ठेवतो, आणि पक्का सुळा वरून उतरला की मगच उठतो. सातव्या वर्षी तो गेला म्हणजे ती जागा चार वर्षं रिकामी, आणि त्याच वेळी पुढचे पक्के दात हिरडीतून वर येत असतात. ते मोकळ्या जागेकडे कलतात. मला पुढचं सांगायची गरजच नव्हती. रान पडीक ठेवून माणूस मुंबईला गेला की शेजारी काय करतो ते मी वर्षाला शंभर ठिकाणी बघते. भांडत नाही, कुऱ्हाड काढत नाही. दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे फाळाची एक रेघ, पलीकडून घालतो, बास. बांध कोरत कोरत सरकतो. मूळ मालक गिरणी बंद पडल्यावर परत येतो तेव्हा अर्धंच रान उरलेलं असतं, मग तो बिचारा वरच्या खडकाळ उतारावर खोपट घालून राहतो. माझा सुळा तसाच राहिला होता, उतारावर.

उपाय ऐकून मात्र वाईट वाटलं. रेघ उजवीकडे आणायची तर उजवीकडे जागा हवी, म्हणून सुळ्यामागची उजवी पहिली उपदाढ काढायची. जिला कधी कीड लागली नाही, जी जागची हलली नाही, ती. डावीकडच्यांनी अतिक्रमण केलं आणि जागा जाणार उजवीकडची! पाणंद मोकळी करताना आमच्याकडे हेच होतं, ज्याने दगड सरकवलेले असतात तो ओट्यावर बसून तंबाखू मळत बघतो आणि समोरच्या गरिबाची तुरीची ओळ जाते. मी तसं बोलूनही दाखवलं. "नाहीच करायचं असंही चालेल," ती मोकळेपणाने म्हणाली. चावताना काही त्रास नाही, जबडा सरळ आहे, सुळा ब्रशने नीट घासत जा म्हणजे झालं. मग तिने एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून गेली नाही. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात विन्सेंट कोकिच नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली हसऱ्या तोंडांचे फोटो कॉम्प्युटरवर थोडे थोडे बिघडवून लोकांना दाखवले. मधली रेघ चार मिलिमीटर सरकवली तरी सामान्य माणसांना त्यात खोट दिसली नाही. दातांच्या साध्या डॉक्टरांनाही नाही. दिसली ती फक्त तारा लावणाऱ्यांना. दात तिरके केले तर मात्र दोन मिलिमीटरलाच सगळ्यांनी ओळखलं. म्हणजे सरळ उभी राहून सरकलेली रेघ खपून जाते, कललेली खपत नाही.

थोडक्यात, मोजणाऱ्यालाच दिसते.

घरी येताना खटावकडची एक जुनी मोजणी आठवत होती. दोन चुलतभाऊ, साठीचे. बांधावर चिंचेचं झाड, दोघांच्या घरची चिंच त्याच झाडाची, पोरांचे झोके त्याच फांदीला. धाकट्याच्या मुलाला विहिरीसाठी कर्ज हवं होतं, बँकेने नकाशा मागितला, त्याने तातडीचे पैसे भरले आणि मी गेले. बांध तीन फूट सरकलेला निघाला. झाड पूर्ण एकाच्या हद्दीत आलं. मी खुणा दाखवल्या, पंचांच्या सह्या घेतल्या, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत तयार केली, सगळं नियमाने. पुढच्या वर्षी झाड तोडलेलं होतं आणि दोन घरांचं येणं-जाणं बंद होतं. थोरला मला नंतर कचेरीच्या पायरीवर भेटला. रागावला नव्हता. नुसता म्हणाला, "बाई, मोजलं नसतं तर झाड दोघांचं हुतं." मी चूक केली नव्हती, आजही म्हणते. पण ते वाक्य माझ्यासाठी दगडासारखं रोवलं गेलं आहे, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी पायरीच्या त्याच्या बाजूला बसून बघितलं. माझीही मोजणी झाली होती आता. ती झाली नव्हती असं करता येत नव्हतं. नवरा म्हणाला, मला तर कधी दिसलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, आता कुणाला दाखवायचंय? दोघांचं बरोबर होतं. मी कचेरीच्या सोसायटीतून कर्ज काढलं.

उपदाढ निघाली तेव्हा ओठ बधिर होता, कळलं नाही. कळलं ते पहिल्या तारेने. दवाखान्यातून बाहेर पडून सवयीने टपरीवर चहा घेतला आणि दुसऱ्या घोटाला सगळे दात एकदम आवळले गेले. ती तार निकेल आणि टायटेनियमची असते, थंडीत नरम पडते आणि तोंडातल्या उबेने आपल्या मूळ आकारावर यायला बघते, दातांना बरोबर घेऊन. हा धातू १९६० च्या आसपास अमेरिकेच्या नौदलाच्या शस्त्रास्त्रांच्या प्रयोगशाळेत सापडला. पुढे आयोवाच्या जॉर्ज अँड्रीसनना १९७० च्या दशकात तो दातांसाठी वापरायचं सुचलं. युद्धाच्या सामानातलं काहीतरी माझ्या तोंडात येऊन भाकरीशी लढतंय, हे मला मजेशीर वाटायचं. भाकरी कुस्करून दुधात, नाहीतर आमटीत. शेंगा बंद, खोबरं बंद, कणीस सुरीने किसून. ऊस तर बघायचाच. हुरड्याच्या दिवसांत एका रानात मोजणी संपल्यावर आग्रहाने बसवलं, आणि मी मूठभर खाल्ला. मग तासभर गाडीत आरसा धरून एकेक दाणा टाचणीने काढत होते.

गावातल्या लोकांना नवल मोठं. मिशा पिकलेला एक शेतकरी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि शेवटी राहवेना म्हणून म्हणाला, "बाई, आमच्या बांधाला कंपाउंड नगं म्हनताय आन् सवताच्या तोंडात तारंचं कंपाउंड घातलंय व्हय?" त्याच्या भांडकुदळ शेजाऱ्यासकट सगळे हसले. त्या दिवशीची मोजणी हरकतीशिवाय झाली.

सगळ्यात अवघड दिवस रबरांचे. वर्षभराने डॉक्टरांनी छोटी पाकिटं दिली, त्यावर कोल्ह्याचं चित्र; रबराचा जोर बदलला की पाकिटावरचा प्राणी बदलायचा. एक रबर वरच्या डाव्या सुळ्यापासून तिरपं खालच्या उजव्या सुळ्यापर्यंत, तोंडावर आडवी काट मारल्यासारखं. वरच्या ओळीला उजवीकडे ओढायचं, खालच्या ओळीला डावीकडे. जेवणाखेरीज सगळा वेळ. दोन्ही बाजूंचे जबाब घेताना मी ते लावून बोलायचे आणि शब्द रबराला अडकून थुंकीसकट बाहेर यायचे. एकदा कोरेगावकडे बांधावर दोन्हीकडची मिळून पंधरा माणसं, आवाज चढलेले, मी 'शांत व्हा' म्हणायला तोंड उघडलं आणि रबर सुटलं ते थेट पंचनाम्याच्या कागदावर. एका आजोबांनी ते दोन बोटांत उचलून माझ्यापुढे धरलं. "ह्ये तुमचं पडलं जनू."

आणि हे सगळं चालू असताना आत जे होत होतं ते मला अजून अचंब्याचं वाटतं. मला वाटायचं दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला असतो. तसं नाही. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची झोळी असते, पाव मिलिमीटरसुद्धा जाड नाही, आणि दात त्या झोळीत टांगलेला असतो. तार एका बाजूला दाबते, तिथल्या पेशी हाड खायला लागतात. मागे जी जागा सुटते तिथे दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. एका बाजूने बांध कोरायचा, दुसऱ्या बाजूने भर घालायची, महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. नांगराच्या तासाने गेलेलं तासानेच परत आणायचं. फास जोरात आवळला तर काम लवकर होत नाही, उलट अडतं, असं डॉक्टर सांगायची. कचेरीत तारखेवर तारखा घेणाऱ्यांना मी हे सांगून बघितलं. कुणाला पटलं नाही.

सव्वीस महिन्यांनी पुन्हा तोच दोरा, तोच बारीक केलेला डोळा. सुळा उतारावरून खाली येऊन आपल्या जागी उभा होता. उजवीकडची फट मिटली होती, त्या उपदाढेची जागा आता बोटालाही सापडत नव्हती. "वरची अर्धा मिलिमीटर राहिली आहे," ती म्हणाली. "अजून चार-पाच महिने दिले तर आणता येईल."

"काढा," मी म्हटलं.

पक्कडीने एकेक चौकट टक टक करत निघाली, मग खाली चिकटलेला गोंद घासून काढताना जळक्या शिंगासारखा वास आला, आणि जिभेला दात लागले ते ओल्या काचेसारखे. मग आली तिची ताकीद. रिटेनर, म्हणजे दात हलू नयेत म्हणून त्यांच्यावर बसवायचा प्लास्टिकचा साचा. दिवसरात्र काही महिने, मग रोज रात्री, आणि कधीपर्यंत असं विचारू नका. हिरडीतले तंतू जुन्या जागेला ओढत राहतात म्हणे, दात संधी मिळताच परत निघतात. मी मान डोलावली. आमच्या भाषेत याला वहिवाट म्हणतात. नकाशावर काहीही असो, तीस-चाळीस वर्षं ज्या वाटेने बैल गेला त्या वाटेने तो जातोच, आणि वहिवाटीच्या हक्काचे दावे तहसीलदारांपुढे वर्षानुवर्षं चालतात. रात्री रिटेनर टच् आवाज करून बसतो आणि अंधारात जीभ आपणहून डावीकडे वर जाते, जिथे सुळा टोचायचा तिथे. आता तिथे प्लास्टिक लागतं, गुळगुळीत. लावायची न्हाई म्हणलं न्हवं, असं कुणीतरी पुटपुटतं आणि मी कूस बदलते.

तारा निघाल्या त्या दिवशी लेक भूमितीच्या वहीवर डोकं ठेवून बसली होती, दहावीचं वर्ष. मी समोर जाऊन हसले. तिने दोन क्षण पाहिलं, छान म्हणाली, पुन्हा पाहिलं, आणि उठून कपाटातून ते जुनं चित्र काढून आणलं. कडा पिवळ्या पडलेल्या, मधली रेघ मात्र ठसठशीत. "थांब, आता पूर्ण करते," म्हणून तिने पेन्सिलीला टोक केलं. पण खोडून खोडून विरलेल्या त्या जागी शिसं धरेचना. दोनदा प्रयत्न केला, कागद फाटतो की काय असं झालं, मग 'जाऊ दे' म्हणून ती आपल्या वर्तुळांकडे वळली. कागद माझ्याकडेच आहे, कचेरीच्या पिशवीत. ट्यूबलाइटसमोर धरला की तोंडाच्या जागी आरपार उजेड येतो, आणि त्या उजेडात खोडलेल्या दातांच्या रेघा अजून दिसतात, डावीकडच्या जरा जास्त.